विषय: 18 तारखेच्या कार्यक्रमात दोन मिनिटं स्तब्धता

प्रेषक: सचिव
मंगळवार, 7 नोव्हेंबर 2023

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळी कार्यक्रमाची रूपरेषा सोबत जोडली आहे. हॉल 5 वाजता ताब्यात मिळेल, 9 ला रिकामा करून द्यायचा आहे. एक विषय कार्यकारिणीत सुटला नाही, म्हणून सगळ्यांसमोर ठेवतो. दीपप्रज्वलनाच्या आधी इस्रायल-गाझा युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, अशी दोन सभासदांची सूचना आहे. काहींना ती योग्य वाटते, काहींना अजिबात नाही. शुक्रवारपर्यंत मतं कळवा.

आपला,
सचिव

*

प्रेषक: दादा
मंगळवार, 7 नोव्हेंबर

सचिव महाशय,

माझा विरोध आहे, आणि कारण स्पष्ट सांगतो. स्तब्धता कोणासाठी? 7 ऑक्टोबरला हमासनं घरात घुसून मारलेल्या 1,400 लोकांसाठी आणि ओढून नेलेल्या दोनशे चाळीस ओलिसांसाठी असेल, तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन. पण सूचनेत 'दोन्ही बाजूंचे मृत' असं लिहिलंय. गाझाचे दहा हजार म्हणताय, तो आकडा कोणाचा? तिथलं आरोग्य खातं हमासच्या हाताखाली चालतं. मागच्या महिन्यात गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलच्या स्फोटात त्यांनी 471 मेले म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या गुप्तचरांचा अंदाज 100 ते 300 चा होता. त्या दहा हजारांत लढणारे किती आणि साधी माणसं किती, हे ते खातं वेगळं सांगतच नाही. ज्याची खात्री नाही त्यासाठी मान खाली घालायला मी तयार नाही.

मुलं फराळ खायला आणि नाच करायला येतात. तिथे हा विषय नको.

*

प्रेषक: माई
बुधवार, 8 नोव्हेंबर

दादा, तुमच्या रागाचं कारण मला कळतं. माझी एक जुनी मैत्रीण अश्दोदला असते. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. वडील अलिबागचे, घरात अजून मराठी बोलतात, पोळ्या करतात. सायरन झाला की मिनिटाच्या आत खोलीत शिरायचं, आणि तिच्या सासूबाईंना जिना उतरवत नाही. शनिवारी तिच्याशी बोलले. म्हणाली, "गाझातलं दाखवायला लागले की मी टीव्ही बंद करते. आणि मग बंद केला म्हणून झोप येत नाही."

तिनं बाजू बदललेली नाही. तिच्या शेजारणीचा भाचा त्या दिवशी गेला. तरी ती असं म्हणाली, एवढंच कळवते. माझं मत: स्तब्धता असावी.

*

प्रेषक: नाना
बुधवार, 8 नोव्हेंबर

मित्रहो,

मृतांच्या आकड्यावरचा हा वाद मी एकदा पाहिलेला आहे. 15 फेब्रुवारी 2003 ला न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या थंडीत इराक युद्धाच्या विरोधात मी उभा होतो. त्या दिवशी जगभर सहाशेच्या आसपास शहरांत लोक रस्त्यावर उतरले होते. महिनाभरात युद्ध सुरू झालंच. त्याच्या आधी अफगाणिस्तानात अमेरिकेचे जनरल टॉमी फ्रँक्स म्हणून गेले होते की आम्ही प्रेतं मोजत नाही. मग इराकमध्ये मोजायचं कोणी? काही स्वयंसेवक बातम्या चाळून एकेक मृत्यू नोंदवायला बसले, 'इराक बॉडी काउंट' नावानं. आज त्यांच्याकडे दोन लाखांच्या आसपास नागरिकांची नोंद आहे. घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्यांनी 2006 मध्ये साडेसहा लाखांचा अंदाज मांडला. त्यावर इतकी भांडणं झाली की मेलेले बाजूलाच राहिले.

आणखी एक. अमेरिकी सैन्याकडून चुकून मारल्या गेलेल्यांच्या घरी सांत्वनाचे पैसे जायचे, साधारण जास्तीत जास्त 2,500 डॉलर. रीतसर नुकसानभरपाई मागायला गेलं आणि मृत्यू लढाई चालू असताना झाला असं ठरलं, तर अर्ज नामंजूर.

गाझाच्या खात्याबद्दल सांगतो. 2014 च्या युद्धात त्यांनी 2,310 मृत सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात ते 2,251 निघाले आणि इस्रायलच्या हिशेबात 2,125. हॉस्पिटलचा आकडा दादांनी काढला तो रास्त आहे, तिथे घाईनं सांगितलं गेलं. पण 26 ऑक्टोबरला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी आकड्यावर अविश्वास दाखवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या खात्यानं 212 पानांची यादी काढली. 6,747 नावं, ओळख क्रमांक, वय, स्त्री की पुरुष. खोटा आकडा सांगणं सोपं असतं. ओळख क्रमांकासकट पावणेसात हजार नावं बनवणं सोपं नसतं.

*

प्रेषक: भाऊ
गुरुवार, 9 नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार.

मी दसऱ्यापासून गावी आहे. वर्धा आणि यवतमाळच्या सीमेवर आमचं गाव, बरेच जण येऊन गेलेत. कापूस वेचणी सुरू आहे, किलोमागं दहा रुपये देऊनही बाया मिळत नाहीत, भाव क्विंटलला सात हजारांवर अडकलाय. त्यातून वेळ काढून लिहितोय. लांबेल, वाचा.

इथे युद्ध पानटपरीवर चालू असतं. टपरीवाल्यानं टीव्ही लावलाय, दिवसभर भोंगे वाजवणारी हिंदी बातमी. पोरं फोनवर एका बाजूचा झेंडा लावून फिरतात, नकाशात गाझा कुठे आहे ते त्यांना विचारू नका. इमारत पडली की कोणीतरी ओरडतं, "गेली गेली!" क्रिकेटमध्ये विकेट गेल्यावर ओरडावं तसं. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणारं एक मुसलमान घर आहे. त्या घरचा म्हातारा रोज संध्याकाळी टपरीवर पेपर वाचायला यायचा. आता येत नाही. त्याला कोणी काही बोललेलं नाही, कोणी बोलावलंही नाही. मीही चार दिवस गेल्यावर घरी जाऊन चहा पिऊन आलो, पहिल्या दिवशी जायला हवं होतं.

आता मोठीमायबद्दल. माझ्या चुलत्याची बायको, वय पंच्याहत्तर. तिचा धाकटा पोरगा माझ्याहून चार वर्षांनी लहान. आठ वर्षांपूर्वी, असाच वेचणीचा दिवस होता, त्यानं जीव दिला. घरची तीन एकर आजोबांच्या नावावर, तिचे वाटे कधी पडलेच नाहीत. वरून आठ एकर मक्त्यानं केलेली. मक्त्याचा कागद नव्हता, तोंडाचा सौदा. कर्ज बँकेचं नव्हतं. बी-खताची उधारी होती, बहिणीचे दागिने गहाण होते आणि एका बिनपरवाना सावकाराचे दीड लाख होते.

तलाठी आला, पंचनामा झाला. पोलिसांचे कागद, शवविच्छेदनाचे कागद, तहसीलचे कागद. मग फाइल समितीपुढे गेली. वऱ्हाडातल्या कोणत्याही खेड्यात विचारा, शेंबड्या पोरालाही माहीत असतं की इथे आत्महत्या दोन प्रकारच्या असतात. पात्र आणि अपात्र. पात्र ठरली तर घरच्यांना एक लाख. त्याची अपात्र ठरली. वावर नावावर नाही, बँकेचा तगादा नाही, म्हणजे तो शेतकरी म्हणून मेलाच नाही. कागद देणारा बाबू वाईट माणूस नव्हता, त्यानं वहिनीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्याच्या हातातल्या तक्त्यात आमच्या माणसाला बसवायला रकाना नव्हता.

तो कागद मोठीमायच्या पत्र्याच्या पेटीत आहे. रेशनकार्डाबरोबर, साखरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिला वाचता येत नाही. पण निळ्या शाईतला तो एक शब्द ती बरोबर दाखवते. बोट ठेवते आणि म्हणते, "हा होय तो."

काल रात्री तुमच्या मेल्स वाचत होतो. ती विचारे, काय पाहून रायला इतका? म्हटलं, तिकडे लढाई सुरू आहे, दहा हजार माणसं मेली म्हणतात. इकडे आमची मंडळी भांडतात की दहा हजार खरे का खोटे. तिनं विचारलं, "नावं नाई देल्ली का त्यायनं?" म्हटलं, दिली. पावणेसात हजार. यादी फोनवर होती, अरबीतली. पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं वयाचा रकाना कोणता ते समजावलं होतं, तोच तिला वाचून दाखवला. तीन. सात. एक्केचाळीस. दोन. एकाच आडनावाच्या ओळींमागून ओळी, म्हणजे आख्खं घर. दोन मिनिटांत तिनं हात वर केला. "बस कर. इतक्यायले माती कोनं देल्ली?"

मला सांगता आलं नाही.

मग मी तिला 7 ऑक्टोबरचंही सांगितलं. लोक घरात जळाले, पोरंबाळं ओढून नेली. तिथल्या वावरांत मजुरीला गेलेले थायलंडचे लोक मारले गेले, तीसहून जास्त. शेती शिकायला गेलेले 10 नेपाळी विद्यार्थीही गेले. इथे ती एकदम सरळ होऊन बसली. मजूर मेले म्हटल्यावर तिला ते सगळं दिसलं. "त्यायचे मायबाप तं तिकडंच असतीन ना, दूर? त्यायले कोनं सांगितलं असन?" सकाळी वेचणाऱ्या बायांनाही तिनं हेच सांगितलं. ओटी बांधता बांधता बाया पाच मिनिटं थांबल्या. एकीनं विचारलं, त्यांची मजुरी बाकी होती ती घरी पोचली का.

दादा, तुमचा प्रश्न मला पटतो. आकडा कोणाचा, कसा मोजला, हे विचारलंच पाहिजे. आमच्या जिल्ह्यांत तर वीस वर्षं लोक हेच विचारत आले, सरकारी आकड्यात आमची माणसं का नाहीत म्हणून. बाईच्या नावावर सातबारा नाही, ती मेली तर ती शेतकरी नाही, 'गृहिणी' म्हणून नोंद होते. कमी मोजणारा आकडाही आकडाच असतो. पण तुम्ही आकडा तपासून थांबला नाहीत. मान खाली घालायची की नाही, हे त्या तपासणीवर ठेवलंत. यातले लढणारे किती, साधे किती, खात्री झाली तरच उभा राहीन. ती पात्र-अपात्रची फाइल झाली. एक लाख रुपये द्यायचे असतात तेव्हा सरकारला फाइल लागते, मी समजू शकतो. आपल्याला तर काही द्यायचंही नाही. दोन मिनिटं उभं राहायचंय.

नानांनी 2,500 डॉलरचं आणि नामंजूर अर्जांचं लिहिलं ते मला माहीत नव्हतं. ते वाचून अंगावर काटा आला, कारण तो कागद मी पाहिलेला आहे. भाषा इंग्रजी असेल, शाई दुसरी असेल.

भारतानं 27 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांत युद्धविरामाच्या ठरावावर तटस्थ मत दिलं, आणि त्याच्या पाच दिवस आधी गाझासाठी औषधं आणि तंबूही पाठवले. सरकारांना हिशेब असतात. मंडळाला कोणता हिशेब आहे?

माझं मत स्तब्धतेच्या बाजूनं. मी तिथे नसेन, पण मत मोजा.

*

प्रेषक: दादा
शुक्रवार, 10 नोव्हेंबर

भाऊ,

तुझ्या भावाचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण एकाच गाडीतून कार्यक्रमाला जातो, तू कधी बोलला नाहीस.

माझा भाचा सैन्यात आहे, काश्मीरमध्ये. दहशतवादी घरात घुसले ही बातमी वाचली की माझं डोकं काम करत नाही. मी फाइल उघडून बसलो नव्हतो, पण तू म्हणतोस तसं दिसलं असेल. हमासबद्दलचं माझं मत तेच आहे आणि राहील. 7 ऑक्टोबरचा उल्लेख झालाच पाहिजे, ओलिसांचाही, आणि तो पहिल्यांदा. हे मान्य असेल तर माझा विरोध मी मागे घेतो.

*

प्रेषक: भाऊ
शनिवार, 11 नोव्हेंबर

दादा, मान्य. सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मला हक्क नाही, पण माझ्यापुरतं पूर्ण मान्य.

काल एक बातमी आली ती इथे टाकतो. इस्रायलनं 7 ऑक्टोबरच्या मृतांचा स्वतःचाच आकडा 1,400 वरून बाराशेच्या आसपास आणला. देह इतके जळालेले होते की ओळखायला महिना लागला, आणि काही हल्लेखोरांचे निघाले. आता कोणी म्हणेल, बघा, यांचाही आकडा खोटा होता. असं कोणी आपल्या या मेल्समध्ये लिहू नये, अशी विनंती आहे. राखेतून माणूस ओळखायला बसलेल्या लोकांनी महिनाभरानं जे सांगितलं, ते खरं सांगितलं.

उद्या लक्ष्मीपूजन आहे. गादीवाल्या म्हाताऱ्याला मी घरून घेऊन टपरीवर आलो. टीव्ही चालू होता. टपरीवाल्यानं आवाज कमी केला आणि त्याच्यासमोर पेपर ठेवला.

*

प्रेषक: सचिव
शनिवार, 11 नोव्हेंबर

मंडळी,

एकूण 31 मतं आली, 24 बाजूनं, 7 विरोधात. विरोध केलेल्यांपैकी तिघांनी कळवलंय की ते त्या वेळी हॉलबाहेर थांबतील, कोणी वाईट वाटून घेऊ नये. त्यांचा मान राखू या.

सूत्रसंचालकांनी वाचायचा मजकूर असा: "7 ऑक्टोबरला इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या माणसांसाठी, अजून ओलीस असलेल्यांसाठी, त्या दिवशी शेतांवर मेलेल्या थायलंडच्या मजुरांसाठी आणि नेपाळच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यानंतर गाझात मेलेल्या सगळ्यांसाठी आपण दोन मिनिटं उभे राहू या." आकडा एकही वाचायचा नाही. मजकूर माई वाचतील, त्यांनी होकार दिला आहे. त्यांच्या अश्दोदच्या मैत्रिणीला तो आधी फोनवर वाचून दाखवणार आहेत, ती काही बदल सुचवेल तर करू.

भाऊ, तुमच्या मोठीमायलाही वाचून दाखवा आणि काय म्हणतात ते कळवा.

चकलीचे डबे अजून दोनच घरांनी कबूल केले आहेत. किमान सहा लागतील.

आपला,
सचिव