शब्दकोडी आणि मेंदूतल्या जोडण्या

रोज शब्दकोडी सोडवणाऱ्यांची बुद्धी म्हातारपणीही शाबूत राहते, असं नेहमी म्हटलं जातं. पण कोडी सोडवतात म्हणून ते तल्लख, की मुळात तल्लख म्हणून कोड्यांच्या नादी लागले? हे ठरवायला लहानपणच्या बुद्धिचाचणीचे गुण हाताशी हवेत.

स्कॉटलंडमध्ये ते आहेत. १९४७ साली तिथल्या ११ वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकच बुद्धिचाचणी झाली होती. (ते कागद जपले, याचंच मला आधी नवल!) त्यातल्या १,०९१ जणांना एडिंबरामध्ये सत्तरीच्या सुमारास पुन्हा तपासलं, पुढे अनेकांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅनही काढले. म्हातारपणीच्या गुणांमधला साधारण निम्मा फरक लहानपणच्या गुणांवरूनच उलगडतो. खरी गंमत उरलेल्या निम्म्यात आहे. मेंदूचे भाग एकमेकांना जोडणारे पांढऱ्या द्रव्यातले तंतू ज्यांचे चांगले टिकलेत, त्यांचा विचारांचा वेग सरासरीने जास्त दिसतो. पाण्याचे रेणू या तंतूंच्या दिशेने कसे सरकतात, यावरून स्कॅनमध्ये त्यांची अवस्था कळते. संबंध मात्र माफकच. एकट्यादुकट्याचा स्कॅन बघून भविष्य सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता कोडी. त्याच पिढीतल्या, म्हणजे १९३६ साली जन्मलेल्यांचा, स्कॉटलंडमधल्याच अ‍ॅबर्डीन शहरातला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. कोड्यांसारखे बौद्धिक छंद असणाऱ्यांच्या बुद्धीची पातळी वरची होती, पण घसरणीचा वेग इतरांसारखाच. त्यापेक्षा रक्तदाबावर बोलूया का? तो वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि हेच तंतू खराब होतात, आणि रक्तदाबावर गोळ्या मिळतात.