वर्ग आहेत, पण पुढे काय?

तुरुंगात चित्रकलेचे, लेखनाचे वर्ग असतातच, मग कैद्यांना आणखी वेगळी मदत कशाला, असं कुणी विचारेल. मला वाटतं खरी अडचण वर्ग संपल्यावर सुरू होते. लिहिलेलं संपादकापर्यंत पोचवणार कोण?

कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात असताना रहसान थॉमस यांनी बाहेरच्या पत्रकार एमिली नोन्को यांच्यासोबत 2020 मध्ये 'एम्पॉवरमेंट अ‍ॅव्हेन्यू' हा उपक्रम सुरू केला, तो याच प्रश्नातून. आतल्या लेखकाला बाहेरचा एक स्वयंसेवक जोडून द्यायचा. तो लेखाचा प्रस्ताव संपादकांना पाठवतो, हस्तलिखित टाईप करतो, दुरुस्त्या फोनवर वाचून दाखवतो. फोन पंधरा मिनिटांनी तुटतो, मध्येच 'हा कॉल रेकॉर्ड होतोय' अशी सूचना वाजते, आणि एका परिच्छेदाचं संपादन दोन-तीन फोनांवर चालतं. बाहेरच्या लेखकाला हेच काम दहा मिनिटांचं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मानधन. तुरुंगातल्या कामाला तिथे तासाला काही सेंट मिळतात. लेखाला मात्र बाहेरच्या लेखकाइतकंच मिळायला हवं, असा या मंडळींचा आग्रह आहे. अगदी योग्य आहे तो. 'छापलं हेच खूप' म्हणून फुकट लिहून घेणं म्हणजे पिळवणूकच.

थॉमस 2020 मध्ये 'इअर हसल' या पॉडकास्टच्या चमूसोबत पुलित्झर या अमेरिकेतल्या मानाच्या पत्रकारिता पुरस्काराच्या अंतिम यादीत होते. तेव्हा ते आतच होते, सुटले 2023 मध्ये. बाहेर आले तेव्हा हातात काम होतं, ओळखीचे संपादक होते. आपल्याकडे येरवड्यासारख्या ठिकाणी उपक्रम होतात तेव्हा निदान एवढं तरी विचारूया: चित्र विकलं गेलं तर पैसे कोणाच्या खात्यात जातात, आणि खाली नाव कोणाचं असतं?