अंगठा कशाला?
संमतीपत्र, म्हणजे पाहणीत भाग घ्यायला तयार असल्याचा कागद, मराठीत छापलं की संशोधनाची नैतिक बाजू सांभाळली गेली, असं गावोगावच्या पाहण्यांच्या चर्चेत म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. इंग्रजीपेक्षा बरं, एवढंच. मोबाईलवर बातम्या कोण, कशा पाहतं यावरच्या एका पाहणीत मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर दुभाष्या म्हणून फिरलोय. घरात बोलतात कोकणी (तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची कोंकणी नव्हे), आमचा कागद पुस्तकी मराठीत. 'सहभाग ऐच्छिक आहे' हे मोठ्यानं वाचताना माझं मलाच हसू आलं. एका आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, पण शाईचा पॅड काढल्याबरोबर हात पदराखाली. जमिनीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा कुणीतरी असाच घेतला होता म्हणे. बोलायला तयार होत्या, अंगठा द्यायला नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्ष साक्षीदार सांगितलाय. आमच्याकडे साक्षीदार म्हणून सह्या ठोकत होता आमच्याच जीपचा ड्रायव्हर!

आणि या चर्चेत कुणीच न काढलेला मुद्दा, पाहणी कधी केली हा. आम्ही गेलो ऑक्टोबरात, म्हणजे द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत. कमावती माणसं मजुरीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, स्मार्टफोन त्यांच्याच खिशात. पाड्यावर उरलेली म्हातारी माणसं आणि एखाददुसरा बटणांचा फोन. अहवालात मात्र आलं, 'या भागात डिजिटल बातम्या जवळपास पोचतच नाहीत.' बागेतल्या शेडमध्ये संध्याकाळी चार्जिंगसाठी एकाच बोर्डाला लटकलेले सात-आठ फोन मी नंतर पाहिले, तेही द्राक्षं आणायला गेलो म्हणून.