खवल्या मांजराला चमक नको

खवल्या मांजराच्या या मातीच्या शिल्पाला चकचकीत ग्लेझ, म्हणजे भट्टीत काचेसारखा होणारा लेप, हवं होतं, असं एका प्रतिक्रियेत म्हटलंय. मला नाही पटत. जाड ग्लेझ खवल्यांमधल्या खाचांत साचतं आणि सगळी कारागिरी बुजते. इथे लोह ऑक्साइडचा, म्हणजे गंजासारख्या रंगद्रव्याचा, हात फिरवून वरचा थर पुसून घेतलाय, म्हणून एकेका खवल्याची कड उठून दिसते. शिवाय खरे खवले केराटिनचे, आपल्या नखांसारखे. ते कुठे एवढे चमकतात? शेपटीकडून डोक्याकडे एकावर एक खवले चिकटवत जायचं, तेही ओलावा सारखा राखून, नाहीतर सुकताना सुटून येतात. केवढा संयम! याच खवल्यांपायी हा जीव मारला जातो. २०१६ मध्ये आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, तरी तस्करी थांबलेली नाही. शिल्पाखालच्या पाटीवर हे लिहायलाच हवं.