क्षारपड जमिनीत शेवाळापासून डिझेल: सांगली जिल्ह्याने हा मार्ग धरावा का?

कृष्णाकाठ, वाळवा
वाळवा-पलूस भागात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या रानांवर मिठाचा पांढरा थर येतो आणि तिथे उसाची लागणही तग धरत नाही. अशा रानांत उथळ तळी करून खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म शेवाळ घ्यावे आणि त्याच्या तेलापासून बायोडिझेल करावे, असे माझे ठाम मत आहे. एक किलो कोरडे शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, आणि आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवताना हाच वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात निघतो. इथेनॉलसाठी ऊस आणि उसासाठी पाणी, या चक्रातून सुटण्याची ही वाट आहे.

मिरजकर
मला हे पटत नाही. उघड्या तळ्यात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम कोरडे शेवाळ असते, म्हणजे हजार लिटर पाण्यातून अर्धा किलो. त्यात २० टक्के तेल धरले तरी हाती १०० ग्रॅमच येते, आणि पाणी वेगळे करून शेवाळ वाळवण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. तेलाचे प्रमाण वाढवायचे तर नत्र तोडावे लागते, पण नत्र तोडले की वाढ खुंटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात हा कार्यक्रम चालवून बंद केला. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये हात घातला आणि २०२३ मध्ये काढून घेतला. शिवाय क्षारपड रान टाकाऊ नव्हे. सच्छिद्र पाइपांचा निचरा केला की त्यात पुन्हा पीक येते, मग शेतकऱ्याने ते तळ्यांखाली का अडकवावे?

जतवासी
बाष्पीभवनाचा मुद्दा राहिला. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या तळ्याचे पाणी झपाट्याने आटते आणि उरलेल्या पाण्यातला खारटपणा वाढत जातो, त्यामुळे गोडे पाणी घालत राहावे लागेल. ते कोणी द्यायचे?

कृष्णाकाठ, वाळवा
निचऱ्याचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्या पाइपांतून निघणारे खारे पाणी शेवटी ओढ्याला आणि तिथून कृष्णेलाच मिळते. जतभाऊ म्हणतात ती तळ्यात भर घालायच्या पाण्याची गरज नदीकाठी यातून काही अंशी भागेल, शिवाय मुरलेल्या खतांचा नत्रही त्यात उतरतो. वाळवणे टाळून ओले शेवाळच उच्च दाबाखाली तापवून कच्चे तेल काढण्याची पद्धतही आहे. एका डिस्टिलरीशेजारी, निचऱ्याच्या पाण्यावर, वर्षभर लहान तळे चालवून खर्ची पडलेली आणि मिळालेली ऊर्जा मोजावी, एवढीच माझी मागणी आहे.

मिरजकर
मोजणीला माझा विरोध नाही. मात्र डिस्टिलरीचा वायू रात्रीही निघतो आणि शेवाळ तो फक्त उजेडात घेते, तेव्हा रात्रीचा वायू वाया धरूनच हिशेब मांडावा, आणि तोपर्यंत कोणाही शेतकऱ्याकडून जमिनीचा करार करून घेऊ नये.