मेरेटे रासमुसेन: इतकं गुळगुळीत करायचं तर माती कशाला?

निळावंती:
मेरेटे रासमुसेन १९७४ साली कोपनहेगनला जन्मली, स्वीडनमध्ये वाढली, डेन्मार्कात कोल्डिंगच्या डिझाइन कॉलेजात शिकली आणि पुढे लंडनला स्थायिक झाली. तिची अमूर्त शिल्पं स्टोनवेअरची, म्हणजे खूप उष्णतेत भाजून दगडासारख्या कडक झालेल्या मातीची. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी: एकच सलग पट्टा वळत, पिळत, स्वतःच्याच भोकांतून जाऊन पुन्हा स्वतःला मिळतो. आतली बाजू कुठे संपली नि बाहेरची कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. वर एकच रंग, ठसठशीत आणि मॅट. देखणं आहे, वादच नाही. पण बोटाचा ठसा नाही, ग्लेझचा (काचेसारख्या लेपाचा) ओघळ नाही, भट्टीची खूण नाही. फायबरग्लास म्हणून सांगितलं असतं तरी मी मान डोलावली असती. मातीपण पुसायचंच होतं तर माती घेतली कशाला?

चाकवाली:
फायबरग्लास? अहो, हे चाकावर होत नाही. ती मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत हाताने बांधते. खालचा भाग जरा कडक झाल्याशिवाय वरचं वजन पेलत नाही, आणि फार सुकला तर नवी वळी धरत नाही, सांध्यात चीर जाते. स्टोनवेअर सुकून भाजून होईपर्यंत साधारण दहा-बारा टक्के आकसतं. शिवाय बाराशे अंशांच्या वर ते मऊ पडतं, आधार नसलेला भाग बसायला लागतो. रांजण असेल तर निदान सगळीकडून सारखा आकसतो. इथे अधांतरी पिळलेला पट्टा आहे. एक बाजू जरा ओढली गेली की कडेची रेघ मोडली. घरी कुणी मातीचं नुसतं कडं उभं ठेवून भाजून बघा, मग बोलू.

दादर_पश्चिम:
ही दहावीची परीक्षा नाही, कष्टाचे मार्क मिळत नाहीत. अवघड आहे, मान्य. पण तो अवघडपणा बघणाऱ्यापर्यंत पोचूच नये अशी सगळी व्यवस्था तिनं केलीय. डॅनिश परंपरेतच आक्सेल साल्टो (१८८९–१९६१) पाहा. रॉयल कोपनहेगन या चिनी मातीच्या कारखान्यासाठी केलेली त्याची भांडी कोंब फुटल्यासारखी दिसतात. उंचवट्यांवरून ग्लेझ ओघळून खाचांत साठलेलं असतं. तिथे भट्टीलाही काही म्हणायचंय. आजचा मॉर्टेन ल्योब्नर एस्पर्सेनसुद्धा ग्लेझचे थर चढवून पुन्हा पुन्हा भाजतो. रासमुसेनकडे भट्टी म्हणजे पक्कं करायचं यंत्र, बस.

कडेकडेने:
साल्टोचं ग्लेझ मनातल्या मनात इथे चढवून बघा. चकाकी आली की प्रत्येक वळणावर दिव्याचं प्रतिबिंब, आणि डोळा तिथेच अडकणार. मॅट रंगावर फक्त सावली उरते, म्हणून नजर कडेवरून न थांबता धावते. रिकामी जागा हा तिचा विषय आहे, कातडी नव्हे. फोटो पाहून हे समजत नाही, कारण फोटोत एकच बाजू येते. भोवती फिरलं तर दोन पावलांत एक भोक मिटतं नि भलतीकडे दुसरं उघडतं. साल्टोच्या भांड्याला पोट असतं, तोंड असतं. इथे तेच काढून टाकलंय. ही परंपरेशी फारकत नाही, तिच्याशी घातलेला वादच आहे.

खवचट:
सोफ्याला मॅचिंग रंगात मिळेल का? (पळतो.)

निळावंती:
खवचट, चेष्टेत का होईना, नेमकं बोललात. एकरंगी, नीटस वस्तू पांढऱ्या भिंतींच्या घरात फार पटकन सामावते. कडेकडेने, तुमचं सावलीचं पटलं. पण तिची अशी शिल्पं ब्राँझमध्येही आहेत. आकार आणि पोकळी हेच सर्वस्व असेल, तर ती ब्राँझमध्येही तितकीच मिळते. मग मातीचा आग्रह उरतो कुठे?

चाकवाली:
आकार सुचण्यात! वळ्यांची भिंत बोटाबोटानं वाढते. आज इतकंच चढवता येतं, उरलेलं सुकल्यावर. तेवढ्या वेळात वळण कुठे न्यायचं याचा विचार बदलू शकतो. कागदावर किंवा कॉम्प्युटरवर काढलेली रेघ अशी थांबत थांबत पुढे जात नाही. नीट पाहिलं तर ती वळणं भूमितीतली नाहीतच. कुठे किंचित फुगलेली, कुठे किंचित आत गेलेली.

दादर_पश्चिम:
मग उरलेलं ‘किंचित’ घासूनपुसून का टाकते? तेवढं राहू दिलं असतं तर मी आत्ता तुमच्या बाजूनं भांडत असतो.