मजकुरातील एकच उभा स्तंभ कसा बदलावा?

प्रश्न
माझ्याकडे सुमारे 1,800 ओळींची साधी मजकूर फाईल आहे. प्रत्येक ओळीत आधी तीन अंकी क्रमांक, मग वस्तूचे मराठी नाव आणि शेवटी 2023-04-15 अशा स्वरूपाची तारीख असून त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या आहेत. क्रमांकाच्या आधी ‘क-’ घालायचे आहे आणि तारखा काढून टाकायच्या आहेत. नोटपॅड प्लस प्लस या मजकूर-संपादकात एकेक ओळ बदलत शंभराव्या ओळीपर्यंत आलो आणि हात टेकले. काही सोपा मार्ग आहे का?

उत्तर 1
पहिल्या ओळीच्या आरंभी कर्सर ठेवा, फाईलच्या तळाशी जा आणि अल्ट व शिफ्ट दाबून धरून शेवटच्या ओळीच्या आरंभी क्लिक करा. सर्व ओळींच्या डावीकडे एक बारीक उभी रेघ दिसेल. आता ‘क-’ टंकले की ते प्रत्येक ओळीत उमटेल. ओळी थोड्या असतील, तर अल्ट दाबून माउस खाली ओढणे पुरे. तारखांचा पट्टाही असाच निवडून डिलीट करता येईल.

प्रश्नकर्ता
‘क-’ क्षणात लागले, आभारी आहे. तारखांचा पट्टा मात्र वाकडा कापला गेला: कुठे नावाचे शेपूट गेले, तर कुठे तारखेचे पहिले दोन अंक उरले. सुदैवाने अनडू केले.

उत्तर 2
दोष तुमचा नाही. उभा पट्टा पडद्यावरील जागेनुसार कापला जातो आणि देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते. ‘किल्ली’ हा शब्द संगणकाच्या लेखी सहा चिन्हांचा आहे, डोळ्यांना मात्र दोनच अक्षरे दिसतात. त्यामुळे मोकळ्या जागा मोजून घातल्या, तरी पुढचा स्तंभ सरळ रेषेत येत नाही. म्हणून मराठी मजकुराच्या उजवीकडे पट्टा वापरूच नये, असे माझे मत आहे. तारीख ओळीच्या शेवटीच असल्याने शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणे) हा पर्याय निवडा, शोधण्याच्या चौकटीत

[ ]+[0-9-]+$

असे लिहा, बदलण्याची चौकट रिकामी ठेवा आणि सर्व बदला. हा नमुना मोकळ्या जागा आणि त्यांच्यापुढचे अंक व आडव्या रेघा शोधतो. डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीचा शेवट, त्यामुळे आरंभीच्या क्रमांकांना धक्का लागत नाही.

प्रश्नकर्ता
काम झाले, पण काही ओळींतल्या तारखा तशाच राहिल्या आहेत.

उत्तर 2
त्या ओळींच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा असावी. डॉलरच्या आधी [ ]* (म्हणजे असतील तितक्या मोकळ्या जागा) घालून पुन्हा चालवा.